वॉशर कोणी बसवले

“जोड लाव,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तीन चिठ्ठ्या माझ्यापुढं जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

औषधं लिहून द्यायच्या पॅडच्या चिठ्ठ्या होत्या त्या. प्रत्येकीवर इंग्रजीत एकेक वाक्य. पहिलीवर : रॉकेलच्या डब्यांच्या झाकणांना चामड्याचे वॉशर होते. दुसरीवर : थंडीनं चामडं आक्रसलं. तिसरीवर : माणसं डब्यांपर्यंत पोचली तेव्हा रॉकेल कमी निघालं. या तिन्हींचं एक वाक्य करायचं होतं. मी पेन्सिल चावली, डोकं खाजवलं आणि दोन्ही फटींत ‘अँड’ घालून मोकळा झालो.

“बाप्पा!” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “हे झालं अन् ते झालं अन् ते झालं. अरे अँडराव, काहून झालं ते कोण सांगणार?”

पलीकडं कणीक मळता मळता सगुण पेडणेकर फिस्सकन हसला. सगुण आमचा आचारी, मालवणचा. त्या दिवसापासून तो मला अँडरावच म्हणायला लागला.

तुम्हाला सांगतो, मी सर्जेराव यमगर, माण तालुक्यातला. आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी बायामाणसं कोसभर चालायची, आणि मी नोकरीपायी जाऊन पडलो अंटार्क्टिकावर, जिथं पायाखाली पाण्याशिवाय दुसरं काही नाही, पण सगळ्याचा दगड झालेला. सरकारी वर्कशॉपमधला डिझेल मेकॅनिक होतो. मोहिमेवर जनरेटर सांभाळायला माणूस हवा होता, मी हात वर केला. पंचवीस माणसांनी वर्षभर त्या स्टेशनात राहायचं. शेवटचं जहाज मार्चमध्ये गेलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणी येत नाही, कुणी जात नाही.

हात वर करण्यामागं स्वार्थ होता, कशाला खोटं बोलू. मला फोरमन व्हायचं होतं. खात्याच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असायचा आणि त्यात वाक्यं जोडायचा मोठा प्रश्न. बिकॉज, ऑल्दो, हाउएव्हर, देअरफोर. इंजिन डोळे मिटून जोडीन, पण हे मला जमेना. दोनदा आपटलो होतो. तिसरी संधी शेवटची, आणि तिला बसायला वरिष्ठाचं चांगलं शिफारसपत्र लागायचं. मोहिमेच्या लीडरसाहेबांनी ते देतो म्हटलं होतं.

डॉक्टर टेंभुर्णे भंडाऱ्याचे, सर्जन. पंचेचाळिशीचे असतील. पंचवीस धडधाकट माणसांत त्यांना काम कमी, म्हणून त्यांनीच मला धरलं. स्टेशनच्या लायब्ररीत ध्रुवावरच्या जुन्या मोहिमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली वाक्यं फोडून ते चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि दुपारी जेवणं झाली की मला जोडायला द्यायचे. “त्याच बर्फात बसून शिकतो आहेस, विसरशील कसा?” असं म्हणायचे.

वॉशरच्या चिठ्ठीपाशी मात्र मीच अडलो.

“डॉक्टर, हे वॉशर बसवले कोणी?”

“म्हणजे?”

“कोणीतरी बसवलेच असतील की. चामडं थंडीत आक्रसतं हे त्याला ठाऊक नसावं. कोण होता तो?”

डॉक्टरांनी पुस्तक उघडून बराच वेळ पानं उलटली. “नाव नाही लिहिलेलं. इंग्रजांची मोहीम होती. दक्षिण ध्रुवावर पोचले पाच जण, परतताना पाचही गेले. शेवटचे तिघं तर अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून अकरा मैलांवर तंबूत राहिले. थंडी, भूक, वादळ, कारणं पुष्कळ. त्यातलं हे एक, सैल झाकणांतून रॉकेल उडून गेलं आणि कमी पडलं. त्यांच्या आधी पोचलेल्या नॉर्वेवाल्यांनी डबे कथलानं झाळून पक्के बंद केले होते.”

“म्हणजे वॉशरवाला सुटला.”

“सुटला म्हणतोस?” डॉक्टर म्हणाले. “त्याला कदाचित कधी कळलंही नसेल.”

मला ते काही पटलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये कुठला नट कोणी आवळला ते कार्डावर लिहिलेलं असतं.

आता फळ्याचं सांगतो, कारण घोडं तिथंच पेंड खातं. स्टेशनच्या दाराशी आत एक लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावाचा एक बिल्ला, एका बाजूनं हिरवा, दुसऱ्या बाजूनं लाल. बाहेर जाताना आपला बिल्ला लाल करायचा, आत आलं की हिरवा. वादळ उठलं की लीडरसाहेब आधी फळ्याकडं बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला तिथं उभं करून सांगितलं होतं, “आपला बिल्ला आपणच फिरवायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही.” डॉक्टर ते हमखास विसरायचे. दोनदा सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती बिचाऱ्यांनी.

ऑगस्टचा महिना. दोन महिने गायब असलेला सूर्य परत येऊन दिवसाचे काही तास दिसायला लागला होता. त्या दिवशी दुपारी तळ्यावरच्या पंपाचा पाइप गरम ठेवणारी वायर बंद पडली. ती तासाभरात चालू झाली नाही तर पाइपातलं पाणी गोठणार आणि स्टेशनचं पाणी तुटणार. एकट्यानं बाहेर जायचं नाही असा नियम होता. जोडीला पाळी डॉक्टरांची होती. माझी हत्यारांची पेटी त्यांनी उचलली, वॉकीटॉकी मी घेतला.

स्टेशनपासून पंपघर असेल अडीचशे पावलं. वाटेवर खांबांना दोरी बांधलेली, तिला धरून जायचं. फक्त स्टेशनजवळची तीस पावलं दोरी नव्हती, कारण तिथून ट्रॅक्टर जायचे. वायर मी अर्ध्या तासात जोडली. बाहेर पडलो तोवर वाऱ्यानं रंग दाखवायला सुरुवात केली होती. जमिनीवरचं हिम धुरळ्यासारखं उडत होतं. मी पुढं, डॉक्टर मागं. दाराशी पोचून वळून पाहिलं तर ते दोरीच्या टोकाला उभे होते. नारिंगी जाकीट स्पष्ट दिसलं. मी हात केला, त्यांनीही केला.

तेवढ्यात आतून जनरेटरची घंटा वाजायला लागली. मी आत घुसलो, माझा बिल्ला हिरवा केला. शेजारीच डॉक्टरांचा होता. मनात आलं, आलेच आहेत, पुन्हा विसरतील आणि पुन्हा बोलणी खातील. त्यांचाही फिरवला आणि जनरेटरकडं पळालो.

साडेतीनला चहा. सगुणनं सगळ्यांचे कप भरले. डॉक्टरांचा कप तसाच राहिला, वर साय धरली.

“डॉक्टर खंय?” सगुणनं विचारलं.

बाहेर तोवर ब्लिझार्ड सुरू झालं होतं. खिडकीतून पाच पावलांवरचा खांब दिसेना. लीडरसाहेब उठून फळ्यापाशी गेले. सगळे बिल्ले हिरवे. “आहेत आतच,” ते म्हणाले, “झोपले असतील.” मीही मान डोलावली, माझ्या मागोमागच तर होते ते. खोलीत नव्हते. दवाखान्यात नव्हते. मग आम्ही लायब्ररी बघितली, न्हाणीघर बघितलं, कोठारांची रांग बघितली. पंचवीस माणसांचं स्टेशन ते, पण मोठ्यानं हाका मारत शोधायला पस्तीस मिनिटं गेली. धान्याच्या पोत्यांमागं वाकून बघताना एकदम ध्यानात आलं. डॉक्टर आत आलेले मी पाहिले कुठं होते? मी तर फक्त बिल्ला पाहिला होता, आणि तो मीच फिरवला होता.

“बाहेर बघा!” मी ओरडलो. “बाहेर चला आधी!”

का, ते मी सांगितलं नाही.

कमरेला दोर बांधून आम्ही सहा जण बाहेर पडलो. ते सापडले गॅरेजमागच्या रिकाम्या पिंपांच्या आडोशाला, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. दारापासून ती जागा चाळीस पावलंसुद्धा नसेल. उजव्या हातातला जाड मोजा गेला होता. तो हात त्यांनी काखेत दाबून धरला होता. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती.

आमच्याकडं डॉक्टर एकच, आणि तोच आजारी. कोमट पाणी किती गरम ठेवायचं, बोटं चोळायची नाहीत, कुठलं इंजेक्शन, सगळं तेच सांगत होते, दात वाजत असताना. हात होते माझे आणि सगुणचे. पाण्यात बोटांना जीव यायला लागला तसे ते कळवळले, पण ओरडले नाहीत. सगुण मात्र रडत होता. मी मूग गिळून उभा होतो.

दोन दिवसांनी उजव्या हाताची तीन बोटं शेंड्यांना काळी पडायला लागली. डाव्या हाताला फोड आले होते, तो वाचणार होता. त्यांनी स्वतःच बोटं निरखून पाहिली आणि म्हणाले, “ही तीन पेरापर्यंत जातील. घरी गेल्यावर काढू.” आणि खिडकीकडं तोंड करून पडून राहिले. सर्जन माणूस. त्याच बोटांवर पोट होतं त्यांचं.

लीडरसाहेब रिपोर्ट लिहायला बसले. ते हिंदी-इंग्रजीत बोलायचे, मी मराठीत सांगतो. डॉक्टरांना त्यांनी विचारलं, “बाहेर जाताना बिल्ला फिरवायचा विसरलात ना?” डॉक्टर म्हणाले, “मला वाटतं मी फिरवला होता.” लीडरसाहेब म्हणाले, “मग तो हिरवा कसा?” डॉक्टरांनी पुन्हा खिडकीकडं तोंड वळवलं. आधीची दोन बोलणी सगळ्यांनी ऐकलेलीच होती. तिसऱ्यांदा विसरले यावर कुणाचाच अविश्वास नव्हता. शनिवारी सगळ्यांपुढं रिपोर्ट वाचायचा, प्रत्येकानं सही करायची आणि सोमवारी तो देशात पाठवायचा असं ठरलं. डॉक्टरांनी स्वतः नियम मोडून स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर संकट आणलं, असं त्यात येणार होतं. असा शेरा पडला की पुन्हा कुठल्या मोहिमेवर नाव लागत नाही. बोटं जायचीच होती, वर नावही जाणार होतं.

आणि मी बोललो असतो तर माझी शिफारस गेली असती. सहा वर्षं त्या फोरमनकीच्या मागं होतो हो मी. घरी बायकोनं पोरांना सांगून ठेवलं होतं, आबा आले की साहेब होणार.

शुक्रवारी डॉक्टरांचा निरोप आला, पुस्तक घेऊन ये. मी गेलो. त्यांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांनी मनगटापर्यंत गुंडाळलेले होते.

“चिठ्ठ्या आता तूच लिही,” ते म्हणाले. “मी सांगतो.”

“डॉक्टर, राहू द्या आता. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे.”

“लिही रे. पान मला तोंडपाठ आहे.”

त्यांनी पान सांगितलं, मी उघडलं. पाच जणांतला एक, पायांना हिमदंश झालेला. आपल्यामुळं बाकीचे मागं पडतात म्हणून एका सकाळी वादळात तंबूबाहेर निघून गेलेला. डॉक्टर एकेक वाक्य सांगत होते, मी लिहीत होतो. त्याचे पाय निकामी झाले होते. त्याला ओझं व्हायचं नव्हतं. बाहेर वादळ होतं. तो बाहेर गेला. चौथी चिठ्ठी लिहिताना माझा हात थांबला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. मला वाटलं, हे मुद्दाम चाललं आहे.

“तुम्ही मला टोचताय,” मी म्हणालो.

“कशाबद्दल?”

“बिल्ला मी फिरवला, डॉक्टर. तुमचा.” पेन्सिल खाली पडली, मी उचलली नाही. “तुम्ही दोरीपाशी होता. आलाच म्हटलं. तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून. मी आत आलो आणि फिरवला.”

मी रडत होतो की काय कोण जाणे.

“हाव,” डॉक्टर म्हणाले. “मला माहीत आहे. जाताना मी डाव्या हातानं फिरवला होता. उजव्यात तुझी पेटी होती. आत आधी तूच आला होतास.”

“मग लीडरसाहेबांना का नाही सांगितलं?”

“मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तू सांगितलंस तर हकीकत होईल.” मग जरा थांबून म्हणाले, “अन् माझंही ऐक. पंपघरातून मी शेवटी निघालो, पण कडी लावली नव्हती. दोरीच्या टोकाला आल्यावर आठवलं. दार उघडं पडलं असतं तर तुझी मेहनत वाया गेली असती, म्हणून परत फिरलो. तुला न सांगता. कडी काढताघालताना जाड मोजा उडाला. परत येताना त्या तीस पावलांत वाट चुकलो. हे मी लीडरला सांगितलं आहे. माझा वॉशर मी बसवला, सर्जेराव. तुझ्यावर तो टाकायचा नाही मला.”

“माझी परीक्षा?”

“ती तुझी परीक्षा आहे. मी कसा काय सांगू?”

बोलायचं नाही असं त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बोल म्हणाले असते तरी बरं झालं असतं. मी पुस्तक मिटलं आणि निघून आलो. त्या रात्री जेवलो नाही. सगुणनं विचारलं, “काय रे, अँडराव, ताप बिप इलो काय?” मी नाही म्हटलं.

शनिवारी सगळे जेवणाच्या खोलीत जमले. डॉक्टर कोपऱ्यात बसले होते, पट्ट्यांचे हात मांडीवर ठेवून. लीडरसाहेबांनी रिपोर्ट वाचला. इंग्रजी होतं, पण आता मला ते कळत होतं. एकेक वाक्य पुढच्याला कसं बांधलेलं होतं हे दिसत होतं. डॉक्टर विसराळू, म्हणून बिल्ला हिरवा. बिल्ला हिरवा, म्हणून शोध उशिरा. शोध उशिरा, म्हणून बोटं गेली. कुठंही फट नव्हती. आणि पहिलंच वाक्य खोटं होतं.

सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी पेन हातात घेतलं. समोर सगुण उभा होता, फडक्याला हात पुसत. मी पेन खाली ठेवलं आणि उठलो.

“सर,” मी म्हणालो, “तो वॉशर मी बसवला.”

लीडरसाहेबांना काही समजलं नाही. “कुठला वॉशर?”

डॉक्टरांनी मान वर केली. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. “डॉक्टरसाहेबांचा बिल्ला मी फिरवला. ते आत आले नव्हते. मी आत आल्यावर दोन्ही फिरवले. ते विसरले नव्हते. विसरले असं लिहू नका. चूक माझी आहे. कळल्यावरसुद्धा मी बोललो नाही, ती दुसरी चूक.”

लीडरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो कागद उभा फाडला आणि म्हणाले, “जे घडलं ते तू स्वतः लिहून दे. उद्या संध्याकाळपर्यंत.” मी लिहून दिलं. डॉक्टरांना दाखवलं नाही. चुका असतील त्यात, असोत.

शिफारसपत्र मिळालं नाही. लीडरसाहेबांनी रागानं नाही, सरळ सांगितलं, “यमगर, माणूस म्हणून तुझ्याबद्दल मनात काही नाही. पण हे मी लिहू शकत नाही.” मीही आग्रह धरला नाही. पुढं मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झालो. बायको काही दिवस धुसफुसली, मग तिनंही विषय सोडला. डॉक्टरांची तीन बोटं परतल्यावर काढली. ऑपरेशन करणं सुटलं त्यांचं, पण शिकवायला लागले, आणि सात वर्षांनी दुसऱ्यांदा मोहिमेवर गेले. त्यांच्या नावावर शेरा नव्हता. दिवाळीला फोन येतो त्यांचा. “काय अँडराव,” अशीच सुरुवात करतात.

पण मला त्या सगळ्यापेक्षा जास्त आठवतो तो रिपोर्ट गेल्यानंतरचा मंगळवार. वारा पडला होता. आकाश स्वच्छ, ऊन नुसतं लखलखत होतं. स्टेशनात कुणी माझ्याशी फारसं बोलत नव्हतं, आणि फळ्याजवळून जाताना मी खाली बघून जायचो. तिथंच डॉक्टर उभे दिसले. जाकीट घातलेलं, पट्ट्यांवरून लोकरीच्या पिशव्या चढवलेल्या.

“आठ-दहा दिवस सूर्य नाही पाहिला,” ते म्हणाले. “येतोस बाहेर?”

“येतो की.”

“मग माझा बिल्ला फिरव.”

मी दोन्ही हात मागं घेतले. “दुसऱ्या कुणाला सांगा, डॉक्टर. सगुणला बोलावतो. मी नाही हात लावणार.”

“लीडरला विचारून आलो आहे. हात बरे होईस्तोवर माझा बिल्ला एकच माणूस फिरवणार. कोण ते मी सांगायचं होतं.” त्यांनी पट्टीचा हात फळ्याकडं केला. “तुझं नाव सांगितलं.”

“काहून?” माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

“तू आता कधीच चुकणार नाहीस म्हणून,” डॉक्टर म्हणाले.

मी त्यांचा बिल्ला लाल केला, मग माझा. बाहेर पाऊण तास आम्ही पिंपांवर बसून होतो. परत येताना मी मागं राहिलो आणि त्यांना पुढं घातलं. ते आत गेले, मी आत गेलो, दार ओढून अडसर लावला. डॉक्टरांनी टोपी काढली. त्यांचं तोंड, त्यांचे पाय, दोन्ही हात, सगळं मी नीट डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांचा बिल्ला हिरवा केला, आणि त्यानंतर माझा.